आठ बाइटांची जागा

स्तोइनाच्या पत्राला कुनचेवांनी उत्तर दिलं नाही, त्याला या सप्टेंबरात चोवीस वर्षं झाली. पत्र हरवलं नव्हतं. पुस्तकांच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, लॅटिन शब्दकोशाच्या मागे ते होतं. कपाट पुसताना त्या फळीपाशी कुनचेवांचा हात जरा भराभर चालायचा.

पत्र दीड पानाचं होतं. सुरुवातीला हवापाणी, एलेना गावात घेतलेलं लहानसं घर, अंगणातली नासपतीची तीन झाडं. आणि मग हे:

‘मेतोदी, तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे. नऊ वर्षं झाली, मी अजून तो प्रोग्राम रोज मनातल्या मनात वाचते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पाचशे बारा बाइट माझ्या हातात येतात, पाचशे बारा मी परत करते. मला चूक सापडत नाही. पण सगळे म्हणाले चूक माझी, तर असेलही. तुम्ही माझ्यापेक्षा बारकाईनं वाचता. माझं काय चुकलं तेवढं कळवा. राग नाही. कळलं की हे वाचणं तरी थांबेल.’

‘तुमचं काही चुकलं नाही’ असं लिहायला पुरावा हवा होता, आणि ‘तुमचंच चुकलं’ असं लिहायला छाती हवी होती. कुनचेवांपाशी दोन्ही नव्हतं. चूक आपली असावी असं त्यांना वाटत होतं खरं, पण तसं त्यांना कशाबद्दलही वाटायचं. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का म्हणून ते जिना चढून परत यायचे. पाव संपला तरी आपणच जास्त खाल्ला असं त्यांना वाटायचं. जो माणूस सगळ्याच बाबतीत स्वतःला दोषी धरतो, त्याला खरा दोष कुठला ते कळायचं कसं? म्हणून त्यांनी उत्तर उद्यावर टाकलं, आणि उद्या चोवीस वर्षं लांबला.

त्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा ते बाल्कनीत मिरच्या सोलत होते. रूसे गावातल्या प्रत्येक बाल्कनीतून भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता. त्यांची बायको त्सोन्का भाजायची, ते सोलायचे. चाळीस वर्षांची वाटणी होती ती.

“बाय मेतोदी, मी रालित्सा. बंदराच्या संगणक केंद्रातून बोलतेय. तुम्ही मला ओळखत नाही.”

“मग ओळखीतल्या थोरल्या माणसासारखं बाय कशाला म्हणतेस?” कुनचेव म्हणाले, आणि लगेच आपण उद्धट बोललो असं वाटून पुढे म्हणाले, “म्हण, म्हण. बोल.”

“आमच्याकडे कुणालाच वाचता येत नाही असं एक बाड आहे. तुम्हाला येतं म्हणे.”

“कशाचं बाड?”

“असेंब्लर भाषेतलं. मालगाडीच्या वाघिणींच्या प्रोग्रामचं. मशीन थांबतंय.”

कुनचेवांनी मिरची परातीत ठेवली. “गुरुवारी बंद करून चालू करत नाही का तुम्ही?”

 मग रालित्सा म्हणाली, “तुम्ही आत्ताच्या आत्ता या.”

बंदरात मालगाडीच्या वाघिणी येतात, त्यांतला गहू आणि खत बार्जेसवर चढतं, रिकाम्या वाघिणी परत जातात. कुठली वाघीण कुठे उभी आहे आणि कुठे जायची आहे याचा हिशोब १९८४ पासून एकच प्रोग्राम ठेवत आला होता. मूळचं मेनफ्रेम कपाटांच्या तीन रांगांएवढं होतं. ते भंगारात गेलं. आता एका चपट्या पेटीच्या आत त्याची नक्कल चालते आणि तिच्या आत तोच जुना प्रोग्राम, एका ओळीचाही फरक न होता. आणि दर गुरुवारी दुपारी बारा वाजता सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. नवीन माणूस कामावर आला की त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायच्या: कॉफीचं यंत्र सुट्टे गिळतं, आणि गुरुवारी बाराला झोप.

“राजधानीतून, सोफियाहून हुकूम आला,” रालित्सा जिना चढता चढता सांगत होती. ती पस्तिशीची, उंच, पायऱ्या दोन-दोन घेणारी. “रेल्वे आता चोवीस तास जोडलेली हवी. गुरुवारची झोप बंद. बंद केली. नवव्या दिवशी मशीन म्हणतं, जागा नाही. बेचाळीस वाघिणी गव्हाच्या रुळांवर उभ्या, आणि कुठली कुणाची ते माणसं खडूनं लिहून ठेवतायत. आणि गंमत म्हणजे जागा आहे! शेकडा अठ्ठ्याण्णव मोकळी आहे. बघा.”

तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. कुनचेवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“हे मला इथे वाचता यायचं नाही.”

“मोठं करून देऊ?”

“कागदावर दे. थांबलं तेव्हाची सगळी मेमरी. डंप.”

“बाय मेतोदी, दोन हजार पानं होतील.”

“मग चारशे दे. मधली.”

कागद येईपर्यंत ते खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखे बसून राहिले. टोपी मांडीवर. इथे आपण लुडबुड करतोय, या मुलीला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असं त्यांना वाटत होतं. पण गठ्ठा समोर आला, त्याला हात लागला, आणि ते वाटणं गेलं. टोपी टेबलावर गेली. बोट पानाच्या डाव्या कडेवर टेकलं. डावीकडे पत्ते, मध्ये आकडे, उजवीकडे त्याच आकड्यांची अक्षरं. अक्षरं होत नसतील तिथे नुसती टिंबं. हे एक वाचन त्यांना जगातल्या कुणाहीइतकं चांगलं येत होतं, आणि हे मात्र त्यांना नक्की माहीत होतं.

“तुला एवढं तरी माहीत आहे ना, की प्रोग्राम जागा मागून घेतो?” त्यांनी न बघता विचारलं.

“तात्पुरती. काम झालं की परत.”

“हं. वाघिणीचा नंबर आला, की माझा प्रोग्राम मशीनकडून एक रिकामा तुकडा मागून घेतो. त्यात आकडेमोड होते. उत्तर निघालं, की दुसरा प्रोग्राम तो तुकडा परत करतो. असेंब्लरमध्ये मागे झाडू मारणारं कुणी नसतं बाई. जेवढं मागितलं तेवढं मोजून परत करायचं. मशीन विचारत नाही, ‘थोडं राहिलं का?’ म्हणून.”

“आणि तुकड्यात कुठे काय?”

“त्याचा नकाशा असतो. पहिल्या चार बाइटांत नंबर, मग वजन, मग माल. मागणारा आणि परत करणारा दोघं एकाच नकाशावरून चालतात. प्रोग्राम असेंबल करताना, म्हणजे मशीनच्या आकड्यांत उतरवताना, तुकड्याची लांबी त्या नकाशावरूनच ठरते.”

“परत करणारा प्रोग्राम कुणाचा?”

कुनचेवांचं बोट थांबलं.

“स्तोइनाचा,” ते म्हणाले.

तो एकोणीस मार्च त्यांना जसाच्या तसा आठवत होता. १९८५. मशीन थांबलेलं, सगळे इंजिनियर केंद्राचे प्रमुख द्रुमेव यांच्या खोलीत उभे, आणि द्रुमेव टेबलावर पेन्सिल आपटत विचारतायत, “जागा संपली. जागा परत करणं कुणाकडे आहे?” स्तोइना पुढे झाली. “माझ्याकडे. मी परत केलीय.” “मग गेली कुठे, कॉम्रेड? डॅन्यूबमध्ये?” दोघं-तिघं हसले. कुनचेव हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. त्यांनी आपला प्रोग्राम तीनदा तपासला होता, त्यात चूक नव्हती. महिनाभरात स्तोइनाची बदली कार्डं पंच करायच्या खोलीत झाली. दोन वर्षांनी ती गाव सोडून गेली. तिच्या प्रोग्रामला कुणी हात लावायचा नाही असा द्रुमेवचा आदेश होता. गुरुवारी बंद-चालू केलं की भागतं, तेवढं पुरे.

“बाय मेतोदी? काय झालं?”

“काही नाही. पान दे पुढचं.”

आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात शून्यं होती, जुनी आकडेमोड होती, कचरा होता. कुनचेवांनी मधला पट्टा सोडला आणि उजवीकडच्या अक्षरांवरून वरून खाली नजर फिरवली. टिंबं, टिंबं, टिंबं. मग ‘राझग्राद’. टिंबं. ‘वार्ना’. टिंबं. ‘प्लेवेन’. ‘वार्ना’. ‘शुमेन’. ‘राझग्राद’.

त्यांनी पान उलटलं. ‘वार्ना’. ‘वार्ना’. ‘प्लेवेन’.

“स्टेशनं आहेत,” रालित्सा त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. “वेळापत्रक छापलंय का कुणी मेमरीत?”

“अंतर मोज.”

“कसलं?”

“एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंत. पत्ते वजा कर.”

तिनं पेन्सिल घेतली. तीन ठिकाणी केलं, चौथ्या ठिकाणी पुन्हा केलं. “पाचशे वीस. सगळीकडे पाचशे वीस.”

“आणि नाव किती बाइटांचं?”

“आठ.” ती थांबली. मग खुर्ची ओढून बसली. “पाचशे बारा परत येतायत. आठ राहतायत.”

“हं.”

“पण आठच ना! आठ बाइटांनी मशीन थांबेल?”

“पुढची वाघीण आली, की प्रोग्राम पुन्हा मागतो,” कुनचेव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “पाचशे वीस मागतो. मोकळी जागा आहे पाचशे बाराची, तिच्या टोकाला आठ बाइट रुतून बसलेत. मावत नाही. म्हणून मशीन त्याला पुढची कोरी जागा देतं. तिथेही आठ रुततात. मग त्याच्या पुढची. शेकडा अठ्ठ्याण्णव मोकळी, आणि सलग पाचशे वीस कुठेच नाही.”

रालित्सानं जोरात शिट्टी वाजवली. पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी मान वर केली.

“तेहतीस वर्षं! तेहतीस वर्षं आपण गुरुवारी याला झोपवतोय, या आठ बाइटांसाठी! म्हणजे एकाच्या नकाशात आठ जास्त आहेत, दुसऱ्याच्यात नाहीत.” ती पडद्याकडे वळली आणि भराभर काहीतरी टाइप केलं. “परत करणारा असेंबल झालाय अकरा फेब्रुवारी पंच्याऐंशीला. मागणारा आठ मार्चला. मध्ये कुणीतरी नकाशाच्या शेवटी स्टेशनचं नाव चिकटवलं आणि दुसऱ्या प्रोग्रामला सांगितलंच नाही. कोण हा गाढव?”

कुनचेवांनी डंपची पानं गोळा केली, कडा टेबलावर ठोकून सरळ केल्या.

“मी,” ते म्हणाले.

रालित्साचा चेहरा लाल झाला. “बाय मेतोदी, मला तसं...”

“नाही, नाही. गाढव बरोबर आहे.”

आठ मार्च आता त्यांच्यासमोर लख्ख उभा राहिला. शुक्रवार होता, महिला दिन. प्रत्येक बाईच्या टेबलावर एक कार्नेशनचं फूल. दुपारी सगळ्या बायका जेवायला बाहेर गेल्या आणि नेहमीप्रमाणे परत आल्या नाहीत. स्टेशनचं नाव नकाशात असावं ही कल्पना कुनचेवांची होती. रुळांवरच्या माणसांना सोपं पडेल म्हणून. त्यांनी नकाशा वाढवला, आपला प्रोग्राम नव्यानं असेंबल केला, तीनदा तपासला. नियम असा होता की प्रत्येक नकाशाचं एक जाड कार्ड असायचं. बदल करणाऱ्यानं त्यावर बदल लिहायचा, आणि तो नकाशा वापरणाऱ्या प्रत्येकाकडे कार्ड घेऊन जाऊन ‘पाहिलं’ म्हणून सही घ्यायची. सही झाली की त्यानंही आपला प्रोग्राम असेंबल करायचा. कुनचेव कार्ड घेऊन स्तोइनाच्या टेबलाशी गेले. टेबलावर कार्नेशन होतं, स्तोइना नव्हती. सोमवारी घेऊ म्हणून त्यांनी कार्ड जवळ ठेवलं.

सोमवारी त्यांना ते आठवलं नाही. नंतर कधीही आठवलं नाही, हे सगळ्यांत वाईट. द्रुमेवच्या खोलीत उभे असताना त्यांनी काही लपवलं नव्हतं. ते खरोखरच विसरले होते.

“दुरुस्ती पाच मिनिटांची आहे,” रालित्सा हलक्या आवाजात म्हणाली. “तिचा प्रोग्राम आजच्या नकाशावर असेंबल करायचा, बस. एक ओळही बदलायला नको. करू?”

“कर.”

दुपारी साडेतीनपर्यंत तिनं दहा हजार खोट्या वाघिणी मशीनमधून सोडल्या. मग पंचवीस हजार. मेमरीतला तोच एक तुकडा पंचवीस हजार वेळा दिला गेला आणि पंचवीस हजार वेळा परत आला. उजव्या पट्ट्यात एकही स्टेशन उरलं नाही. रालित्सानं टेबलावर मूठ आपटली आणि कुनचेवांना कॉफी आणून दिली. यंत्रानं तिचे सुट्टे गिळले म्हणून दोनदा पैसे घालून.

मग तिनं बदलाचा फॉर्म पुढे घेतला.

“‘कारण’ रकान्यात काय लिहू? ‘जुना प्रोग्राम’ लिहिते. वरचे लोक एवढंच वाचतात. कुणी विचारणार नाही.”

खरंच कुणी विचारलं नसतं. द्रुमेव वारले होते, त्या खोलीतले निम्मे लोक वारले होते. कुनचेवांनी कॉफीचा घोट घेतला. 

“लिही,” ते म्हणाले, “मेतोदी कुनचेव यांनी आठ मार्च एकोणीसशे पंच्याऐंशीला नकाशा आठ बाइटांनी वाढवला आणि स्तोइना व्हल्कोव्हा यांना कळवलं नाही. त्यांचा प्रोग्राम पहिल्यापासून बरोबर होता. ‘पहिल्यापासून’ लिहिलंस?”

“लिहिलं.”

“आता याची एक छापील प्रत मला दे. शिक्का मारून.”

घरी आल्यावर त्यांनी कोट न काढताच कपाट उघडलं. त्सोन्का हात पुसत दारात आली.

“मिरच्या अर्ध्या सोलून पळालास, आता कपाट उपसतोस. काय हरवलं?”

“पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात मी काय वाचत होतो?”

“मला विचारतोस? मी तेव्हा दोन पोरांचे लंगोट धूत होते. तू नेहमी काहीतरी वाचतच असतोस.”

बर्फातल्या जहाजांच्या सफरीवरचं एक जाडजूड पुस्तक. त्यांना आठवलं ते यामुळे की ते त्यांनी पूर्ण केलं नव्हतं. मार्चमध्ये सोडलं आणि पुन्हा कधी उघडलं नाही. ते सर्वांत खालच्या फळीवर मिळालं. पान दोनशे बारा. जहाज बर्फात अडकलेलं, आणि त्याच पानात खूण म्हणून घातलेलं जाड पिवळसर कार्ड. त्यांचंच सुबक अक्षर: ‘८.३.८५. शेवटी स्टेशनचं नाव, ८ बाइट. एकूण ५२०. मे. कुनचेव.’ त्याखाली ‘पाहिलं’, आणि पुढे कोरी रेघ.

कुनचेव जमिनीवर बसले. त्सोन्कानं त्यांच्या हातातून कार्ड घेतलं, वाचलं, काही कळलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून कळलं.

“स्तोइनाचं आहे का हे?”

“तुला कसं...”

“शब्दकोशामागचं पत्र मी दर वसंतात झटकते, मेतोदी. चोवीस वेळा झटकलं. काय लिहिलंय तेही पाठ आहे मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून.” तिनं कार्ड परत दिलं. “जिवंत आहे ती, हे आधी सांगते, म्हणजे तू त्या काळजीत आठवडा घालवायला नको. मार्टेनित्सा, ते लाल-पांढरे दोरे, पाठवतो आम्ही एकमेकींना मार्चमध्ये. गुडघे गेलेत. नासपती भरपूर येतात.”

त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला घेतलं. पहिलं पत्र चार पानांचं झालं. त्यात चोवीस वर्षांची कारणं होती, द्रुमेव होते, स्वतःच्या स्वभावाचं वर्णन होतं. त्सोन्कानं ते उभ्या उभ्या वाचलं.

“यात तिच्याबद्दल किती आहे?”

“म्हणजे?”

“तिनं विचारलं, माझं काय चुकलं. तू चार पानं सांगतोयस, तुला कसं कसं वाटलं. तिचं उत्तर कुठे आहे? तिसऱ्या पानावर, खाली. तिच्या डोळ्यांना ते सापडायचंही नाही.”

कुनचेव क्षणभर दुखावले. मग त्यांनी चारही पानं बाजूला ठेवली आणि नवा कागद घेतला. या वेळी पेन कुठेही अडलं नाही.

‘स्तोइना, तुमचं काही चुकलं नाही. नकाशा मी वाढवला, आठ बाइटांनी, आणि तुम्हाला सांगायचं विसरलो. तुम्हाला पाचशे वीस मिळत होते आणि तुमच्या हातातला नकाशा पाचशे बाराचा होता. तुमचा प्रोग्राम आज नव्या नकाशावर असेंबल केला, एक ओळही न बदलता. पंचवीस हजार वाघिणी त्यातून गेल्या. एक बाइट मागे राहिला नाही. केंद्राच्या कागदपत्रांत हे लिहून घेतलं आहे, प्रत जोडली आहे. त्या दिवशी मी द्रुमेवच्या खोलीत बोलायला हवं होतं. तुमच्या पत्राला मी चोवीस वर्षं उत्तर दिलं नाही, त्यालाही माफी नाही, तरी मागतो. सोबतच्या कार्डावर तुमची सही राहिली होती. करून परत पाठवाल तर मी ते स्वतः केंद्राच्या कार्डांच्या पेटीत ठेवीन. मेतोदी.’

“आता ठीक आहे,” त्सोन्का म्हणाली. “आणि मिरच्यांची एक बरणी ने म्हणून लिही. म्हणजे तिला यावं लागेल.”

त्यांनी तेही लिहिलं.

पोस्ट साडेपाचला बंद होतं. पाच वाजून दहा मिनिटांनी ते कोपऱ्यावर होते. या वेळी गॅस बघायला परत गेले नाहीत. खिडकीतल्या बाईनं पाकीट हातात घेऊन वजन केलं.

“आत काही मौल्यवान?”

“एक कार्ड आहे.”

“वाढदिवसाचं?”

“नाही. सही करायचं.”

“रजिस्टर करायचं का?”

“हो. आणि तिच्याच हातात द्यायचं, असा शेरा मारा.”

बाईनं पावती फाडून दिली. कुनचेव तिथेच उभे राहिले. बाईनं पाकिटावर शिक्का मारला, ते मागच्या कापडी पिशवीत टाकलं, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली, “पुढचे.”